खुर्ची मांडलेली होती

ताई,

साळवी स्टॉपला तुझ्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागलाय. तुझ्या मंदारच्या लग्नातला फोटो कापून घेतलाय, त्यामुळे तुझ्या खांद्यावर विहीणबाईंची दोन बोटं तशीच राहिली आहेत. खाली ‘प्रेमळ, कष्टाळू, सोशिक’ आणि त्याच्याही खाली, तुझ्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत, मंदारच्या बांधकाम फर्मचं नाव. परवा रिक्षातून जाताना मी मान फिरवली. रिक्षावाला म्हणाला, “कोर्टातल्या बाई ना त्या? माझ्या बापाच्या केसला होत्या.” बघ. रिक्षावाल्याला तू कोर्टातल्या बाई म्हणून ठाऊक आहेस. फ्लेक्सवर कोर्टाचा उल्लेखसुद्धा नाही.

सोशिक! मला विचारलं असतं तर तेवढा शब्द मी खोडायला लावला असता.

तुला जाऊन अजून महिना झाला नाही. येणारी-जाणारी माणसं मला सांगतात, नीलाताई, रडून घ्या, मोकळं वाटेल. रडू येतच नाही. येतो तो राग. मंदारचा येतो, दामले वकिलांचा येतो, सगळ्या गावाचा येतो आणि खरं सांगू, तुझाही येतो. जिवंत होतीस तोवर तू मला धड रागावू दिलं नाहीस. मी तोंड उघडलं की म्हणायचीस, “नीले, जीभ आवर.” आता कोण म्हणणार आहे?

तू निवृत्त झालीस त्या संध्याकाळी शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन कोर्टातून थेट राम आळीत माझ्या दुकानात आलीस. बटणं, हूक, लेस, दोऱ्याची रिळं यांच्या गराड्यात ते भलंमोठं घड्याळ गल्ल्यावर ठेवलंस आणि म्हणालीस, “वेळ संपली म्हणून घड्याळ देतात, बघ गो.” आपण इतक्या हसलो की फॉल घ्यायला आलेली बाई आपल्याकडे बघत राहिली.

सुरुवातीला तुझं छान चाललं होतं. लोणची घातलीस, कपाटं लावलीस, नातीला घेऊन भाट्याच्या वाळूत किल्ले केलेस. ईरावर तुझा जीव होता, ते मी नाकारत नाही. पण पावसाळा सरला आणि एका दुपारी तू दुकानातल्या स्टुलावर येऊन बसलीस आणि म्हणालीस, “मला काम हवंय.”

मी म्हटलं, “पेन्शन पुरत नाही का?”

“पेन्शनीचं नाही गो. सकाळी नीट साडी नेसून कुठे जायचंच नसेल, तर नेसायची कशाला? दिवसभर मला कोणी काही विचारत नाही. ईरानं दूध प्यायलं का, एवढंच. मी अजून कामाची आहे, नीले.”

होतीसच. भाऊजी गेले तेव्हा मंदार बालवाडीत होता. तू टंकलेखिका म्हणून कोर्टात लागलीस आणि त्या एका मशीनवर पोराला वाढवलंस, शिकवलंस. मशीन जाऊन संगणक आले, साहेब आले नि बदलून गेले, तू तिथेच. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा? आमचे हे अंथरुणाला खिळले आणि सगळे मला सांगायला लागले, दुकान विकून टाक, बाईमाणसाला झेपायचं नाही. तू एकटी म्हणालीस, “विकायचं नाही.” कोर्ट सुटलं की रोज संध्याकाळी येऊन माझ्याशेजारी गल्ल्यावर बसायचीस. मला गिऱ्हाइकाच्या डोळ्याला डोळा भिडवता यायला लागला तोवर बसलीस. तुझं कामाचं वेड काय असतं ते मला त्या दिवसांत कळलं होतं. त्या उपकाराची फेड करायची म्हणून मी तुझ्या मागे लागले, “ओळखी काढ. अर्धी रत्नागिरी तुझ्यासमोर साक्ष देऊन गेलीय. एकेकाला फोन कर.”

तुला ते नको होतं. “ओळखीच्या माणसाला काम सांगितलं की ओळख राहत नाही.”

“मग घाल लोणचं ओळखींचं,” मी म्हटलं. “तूही शिक की मागायला. मागितल्याशिवाय आईसुद्धा वाढत नाही.”

शेवटी मीच तुला घेऊन दामले वकिलांकडे गेले. नवखे होते तेव्हा हे दामले तुझ्या टेबलापाशी ताटकळायचे. तू त्यांना हळूच सांगायचीस, अर्जाला कोर्ट-फीचं तिकीट लावायचं राहिलंय, साहेबांपुढे तसाच नेऊ नका. आता त्यांचं ऑफिस दोन मजली आहे. आपल्याला बघून ते खुर्चीतून उठले, कोकम सरबत मागवलं. तू चाचरत विषय काढलास तर म्हणाले, “सुलभाताई, तुम्ही आलात तर सोन्याहून पिवळं! माझ्याकडच्या मुलींना दावा कुठला नि कैफियत कुठली, ते समजावण्यात माझा दिवस जातो. सोमवारपासून याच. रविवारी फोन करून वेळ सांगतो.”

जिना उतरताना तू माझा हात एवढा घट्ट धरला होतास की बांगडी रुतली. त्याच संध्याकाळी दोन साड्यांचे फॉल माझ्याकडून नेलेस. घरी मंदारला सांगितलंस तेव्हा तो काय म्हणाला, हे मी तुला नंतर विचारलं होतं. “काही नाही, हसला,” म्हणालीस. “म्हणाला, बघू या.”

रविवारी फोन आला नाही. सोमवारी तू साडी नेसून, पर्स घेऊन बसून राहिलीस. दुपारी मोबाइलवर मेसेज आला, सध्या जागेची अडचण आहे, पुढे नक्की बघू.

मग शिरधनकर बाई. त्यांच्या टायपिंग क्लासला शिकवायला माणूस मिळत नव्हता, हे त्यांनीच तुला भाजी घेताना सांगितलं होतं. तू “मी येऊ का?” म्हणालीस तर त्यांनी रस्त्यातच तुझे दोन्ही हात धरले. चार दिवसांनी त्याच बाई तुला समोरून येताना बघून गल्लीत वळल्या. मी बरोबर होते. तू मात्र म्हणालीस, “त्यांचं लक्ष नसेल.”

आणि मग मजीदभाई. त्यांचा मिरकरवाड्यात बर्फाचा कारखाना आहे, आणि जमिनीच्या एका जुन्या दाव्यापायी हा माणूस वर्षानुवर्षं कोर्टाच्या बाकावर बसलेला. तू त्यांना तारीख सांगायचीस, पाणी द्यायचीस. ते म्हणाले, “बाय, सरकारी कागद येतात, त्यांना उत्तर लिवायला माझ्याकडे कोण नाय. तुम्ही या.” मी तुला चिडवलं, मासळीच्या वासात बसशील का? तू म्हणालीस, “ताटात चालतो तो टेबलावर चालणार नाही होय?” किती दिवसांनी तुझ्या बोलण्यात ती धार आली होती! तू गाडी कुठे बदलायची, जेवणाचा डबा काय न्यायचा, ईराला शाळेत सोडून किती वाजता पोचता येईल, सगळं ठरवून टाकलंस.

तिकडूनही काही आलं नाही. ना फोन, ना निरोप.

त्या संध्याकाळी आपण भाट्याला गेलो होतो. सुरूंच्या कडेला बसलो. तू बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत होतीस. मग म्हणालीस, “माझ्यातच काहीतरी उणं असणार. तीन-तीन माणसं उगाच असं वागणार नाहीत.”

मी भडकले. म्हटलं, “तिघंही कृतघ्न आहेत. काम होतं तेव्हा सुलभाताई, सुलभाताई, आणि आता खुर्ची गेली तर ओळख विसरले. उद्या जाऊन एकेकाला जाब विचारते.”

“नाही विचारायचं.”

“का?”

“माझ्या गळ्याची शपथ आहे तुला. त्यांनी नको म्हटलं, संपलं. आता जाऊन का म्हणून विचारायचं, म्हणजे आणखी खाली उतरायचं.”

मी तुझी शपथ पाळली. तुझ्यावरचा माझा राग हा आहे, ताई. मी गेले असते तर दामल्यांच्या ऑफिसात पाच मिनिटांत खरं बाहेर पडलं असतं. मला खोटं बोलून कोणी परत पाठवू शकत नाही, आयुष्यभर दुकानात बसलेली बाई आहे मी. पण तुझी अब्रू अशी नाजूक, की जाब विचारण्यानं तिला तडा जाणार! आणि ज्यांनी तुला सोमवारी साडी नेसवून बसवून ठेवलं, त्यांच्या अब्रूला काही झालं नाही.

त्यानंतर तू कामाचं नाव काढलं नाहीस. केसांना कलप लावायची सोडलीस. दुकानात यायचं तरी मंदारला विचारून यायला लागलीस. मी एकदा पुन्हा विषय काढला तर म्हणालीस, “राहू दे गो. मंदारला त्रास होतो.” मला वाटलं, ईराला सांभाळायला कोणी नसलं की त्याची अडचण होते, म्हणून म्हणतेस. पुढे काही विचारलं नाही.

आणि मग त्या सकाळी ईराच्या डब्यासाठी घावन घालता घालता तू ओट्यापाशीच कोसळलीस. मंदारनं तुला उचलून गाडीत घातलं. तो अनवाणी होता. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो लहान मुलासारखा रडला, तेही मी पाहिलंय. हृदयाचा झटका होता, डॉक्टर म्हणाले, काही करता आलं नसतं. तेव्हा तू कामावाचून गेलीस असं मी म्हणणार नाही. पण तू काय समजून गेलीस ते मला ठाऊक आहे. तू असं समजून गेलीस की तू आता कोणाला नको आहेस.

तू गेल्यावर काही दिवसांनी मजीदभाई दुकानात आले. मंदारच्या घरी न जाता माझ्याकडे आले. टोपी हातात घेऊन उभे राहिले. मी बसा म्हटलं नाही.

“आता आलात होय?” मी म्हटलं. “तेव्हा एक फोन करायला झालं नाही.”

“रागवा, बाय. तुमचा हक्क हाय. पण मी खुर्ची मांडलेली होती. खिडकीपाशी, मशीनचा आवाज कमी येतो तिथं. पंखा नवीन लावला. पोरांना सांगितलं, कोर्टातल्या बाई येणार, जरा नीट बोला.”

“मग?”

“मग मंदारशेठचा फोन आला. म्हणाले, आईला बीपी हाय, डॉक्टरनी मना केलंय, ती ऐकत नाय. तुम्ही हो म्हणू नका. आणि मी फोन केला ते तिला सांगू नका, वाईट वाटेल तिला.”

माझ्या हातात लेसचं भेंडोळं होतं. ते तसंच राहिलं.

“आणि तुम्ही ऐकलंत?”

“माझ्या जुन्या घराच्या जागेवर बिल्डिंग बांधायचं त्यांच्याकडे चाललंय, बाय, खोटं कशाला बोलू? पण नुसतं तेवढंच नाय. मुलगा हाय तो. मुलगा सांगतो म्हणजे घरचं ठरलं असणार, असं मला वाटलं.”

घरचं ठरलं! ताई, तू घरात नव्हतीस का? ज्या घरात हे ठरलं त्या घरातल्या ओट्यापाशी तूच उभी होतीस ना?

मजीदभाई गेल्यावर मी गल्ल्यावर बसून एकेक जुळवत गेले, आणि ते जुळायला वेळ लागला नाही. मंदारच्या सगळ्या इमारतींची खरेदीखतं दामल्यांच्या ऑफिसात होतात. शिरधनकर बाईंचा क्लास मंदारनं बांधलेल्या गाळ्यात भाड्यानं आहे. तुझ्या ओळखी जुन्या होत्या, माणुसकीच्या होत्या. त्याच्या ओळखी कालच्या, पण त्यात व्यवहार होता. तू एकेका दारात जाऊन उभी राहिलीस आणि तुझा मुलगा तुझ्यामागून जाऊन ते दार लावून आला. आणि तुला बीपी किती होतं गो? सकाळी एक गोळी. ती तर मीही घेते, आणि दिवसभर दुकानात उभी असते.

तेराव्याला सगळे आले होते. जेवणं व्हायची होती. हॉलमध्ये तुझ्या फोटोसमोर माणसं बसली होती आणि दामले वकील म्हणाले, “सुलभाताईंसारखं काम करणारं माणूस आता कोर्टात पुन्हा व्हायचं नाही.”

मी म्हटलं, “मग तुमच्याकडे आली होती तेव्हा घेतलं का नाहीत?”

आत पानं मांडताना कोणीतरी वाटी खाली ठेवली, तो आवाज ऐकू आला. दामल्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मंदारकडे बघितलं. शिरधनकर बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मंदार उठला. “मावशी, आत चल.”

“आत कशाला? आत बोलून बोलूनच तर सगळं झालंय. इथेच सांग.”

“मी तिच्या भल्यासाठी केलं. ती आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलणं टाइप करत राबली. आता तिनं आराम करावा असं मला वाटलं, तर चुकलं का माझं?”

“आराम? सकाळी दूध, मग डबा, मग शाळा, दुपारी पुन्हा शाळा, संध्याकाळी बाग. तू आणि तुझी बायको ऑफिसातून येईपर्यंत तिनं पाठ टेकलेली मी बघितली नाही. आराम हवा होता तर बाई ठेवली असतीस.”

“परकी बाई ईराला सांभाळणार? आणि लोक काय म्हणाले असते? माझी आई बर्फाच्या कारखान्यात कामाला जाते म्हणून?”

हे शेवटचं त्याच्या तोंडून निसटलं. निसटल्यावर त्याला कळलंही.

मी विचारलं, “तिला एकदा तरी विचारलंस? समोर बसवून, आई, जाऊ नको, मला अडचण होते, असं एकदा तरी म्हणालास? तिनं ऐकलं असतं, मेल्या. हसत ऐकलं असतं. पण तिला निदान कळलं असतं की जगाला ती हवी आहे आणि पोरासाठी ती थांबली आहे. तेवढा मानसुद्धा तू तिला दिला नाहीस.”

शेजारच्या काकू पुढे आल्या. “जाऊ दे, नीला. मुलगाच आहे. काळजीपोटी केलं त्यानं.”

प्रत्येक जण हेच म्हणत होता, ताई. ज्यांनी तुला नकार दिला त्यांनाही हेच वाटलेलं. साठीच्या आसपासची, शहाणीसुरती, जन्मभर कमावती बाई काम मागायला आली, तर तिचा होकार-नकार तिच्या मुलाला विचारायचा, यात कोणालाच काही वावगं वाटलं नाही. दामल्यांना नाही, शिरधनकर बाईंना नाही. त्या तर स्वतः बाई, स्वतःचा क्लास चालवणाऱ्या. मंदारवर माझा राग आहेच. पण मंदार एकटा हे करू शकला नसता. त्याला तीन फोन पुरले, कारण पलीकडे तिन्ही ठिकाणी ऐकणारे तयार बसले होते.

मी न जेवता निघाले. तेराव्याच्या पानावरून उठू नये म्हणतात. मी पानावर बसलेच नाही.

काल मंदार दुकानात आला. दाढी वाढलीय, डोळे आत गेलेत. तू असतीस तर आधी जेवलास का विचारलं असतंस. मी काही विचारलं नाही. तो स्टुलावर बसला, टेबलावरच्या टिकल्यांच्या पाकिटांशी चाळा करत राहिला.

“मावशी, आईला कळलं होतं का? मी फोन केले होते ते?”

माझ्या डोक्यात तुझं ते वाक्य लगेच आलं. मंदारला त्रास होतो. तू नुसतं ईरामुळे म्हणाली होतीस, की तुला सगळं उमगलं होतं आणि त्याचं पाप झाकायला तू गप्प बसली होतीस? मजीदभाई येऊन गेले त्या दिवसापासून मी ते वाक्य उलटंसुलटं करून बघतेय. मला ठरवता येत नाही.

“माहीत नाही,” मी म्हटलं.

“तुला ती सगळं सांगायची. नव्हतंच कळलं, हो ना? तेवढं एक सांग.”

त्याला एक ‘नाही’ हवं होतं. ते घेऊन तो घरी गेला असता, जेवला असता, झोपला असता. माझ्या बहिणीचं एकुलतं एक लेकरू आहे ते, अंगाखांद्यावर खेळवलेलं. ‘नाही’ म्हणायला मला काही जड गेलं नसतं.

मी म्हटलं, “मंदार, तिला काय कळलं होतं ते फक्त तिलाच माहीत. आणि दुसऱ्याच्या वतीनं उत्तर द्यायची सवय तुला आहे. मला नाही.”

एक मुलगी ब्लाउजच्या हुकांसाठी आली, मी तिच्याकडे वळले. सुट्टे देऊन बघते तर स्टूल रिकामं होतं.

आता लोक मला येऊन सांगतात, सुलभाताई असत्या तर त्यांनी पोराला केव्हाच पोटाशी धरलं असतं. धरलं असतंस, मला ठाऊक आहे. पण ते तुझं तू केलं असतंस, तुझ्या मर्जीनं. तुझ्या वतीनं त्याला माफ करायला मी कोण? माझ्या वतीनं करायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही.

तुझी,
नीला